मूल सहावीत जाताना: वर्षभरात काय घडते आणि पालकांनी काय करावे

सहावी, सातवी, आठवी. वय साधारण अकरा ते चौदा. याला कोणी मिडल स्कूल म्हणते, कोणी उच्च प्राथमिक, कोणी नुसतेच 'वरचे वर्ग'. नाव काहीही असो, पहिल्या वर्षी घराघरांत तीच वाक्ये ऐकू येतात. "पाचवीपर्यंत किती छान होता!" "हल्ली काही सांगतच नाही." "अभ्यास विचारला की 'झालाय' म्हणते आणि वही बघावी तर कोरी." यातले बरेचसे अपेक्षितच असते, आणि आधी माहीत असले तर निम्मी भांडणे टळतात. म्हणून हा लेख वर्षाच्या क्रमाने लिहिला आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. जॅकलिन एकल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या वयाबद्दल एक नेमके निरीक्षण मांडले. मुलांना आपले निर्णय आपण घ्यावेसे वाटू लागतात, घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाशी जवळीक हवी असते, आणि नेमके त्याच वयात शाळा जास्त मोठी, जास्त कडक आणि कमी ओळखीची होते. दिवसभर सोबत असणाऱ्या एका बाईंच्या जागी विषयागणिक वेगळे शिक्षक येतात. त्यातल्या प्रत्येकासमोर अनेक वर्गांची मुले असतात. म्हणजे मूल बिघडले असे दरवेळी नसते. मुलाची गरज आणि शाळेची रचना त्या वर्षी एकमेकांना बसत नाहीत. शाळेची रचना आपल्या हातात नाही, पण घराची आहे. घरी करायचे काम एकच: आजवर आपण करत होतो त्या गोष्टी एकेक करून मुलाकडे द्यायच्या, आणि दिल्यावर काही दिवस जवळ उभे राहायचे. सगळ्या एकदम दिल्या तर मूल कोलमडते. एकही दिली नाही तर ते भांडून घेते.

शाळा सुरू होण्याआधी

पालकांना काळजी गुणांची असते. मुलांच्या काळज्या वेगळ्याच असतात: वर्ग सापडेल का, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचे, मोठी मुले चिडवतील का, स्वच्छतागृह कुठे आहे, उशीर झाला तर सगळ्यांसमोर ओरडतील का. यातल्या निम्म्या शंका एका फेरीत मिटतात. नवी इमारत असेल तर शाळा सुरू होण्यापूर्वी मुलाला घेऊन एकदा जाऊन या. फाटक, जिना, वर्ग, पाण्याची जागा, कार्यालय सगळे दाखवा. वेळापत्रक मिळाले की मुलालाच स्वतःच्या हाताने ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावू द्या. छापील प्रत चिकटवण्यापेक्षा हे बरे, कारण लिहिताना कोणत्या दिवशी कोणती वही लागते ते डोक्यात बसते.

डोळे तपासून घ्या. जवळचे स्पष्ट आणि दूरचे धूसर दिसणे या वयात झपाट्याने वाढू शकते, आणि मुले स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना वाटते सगळ्यांना असेच दिसते. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणे किंवा शेजारच्या वहीत पाहून लिहिणे हे कित्येकदा लक्ष नसण्याचे लक्षण नसतेच. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावे. नऊ विषयांच्या वह्या रोज वाहायच्या नसतात, हे पहिल्या आठवड्यात शिकवावे लागते.

आणि याच वेळी एक काम सोपवून टाका. सकाळी उठणे हे त्यासाठी उत्तम. स्वतःचा गजर स्वतः लावायचा, आईने किंवा बाबांनी फार तर एकदा हाक मारायची. हे सोपे वाटते, पण सकाळच्या दहा हाकांमध्ये घरातला किती राग खर्च होतो ते आठवून पाहा.

पहिले सहा आठवडे: विसरण्याचा काळ

या काळात मूल वह्या विसरेल, डबा विसरेल, प्रकल्पाची तारीख विसरेल. हुशार मूलसुद्धा विसरेल. कारण अभ्यासाच्या अवघडपणापेक्षा कामांची जुळवाजुळव अचानक वाढलेली असते. आधी एकाच शिक्षिकेला ठाऊक असायचे की आज गणिताचा गृहपाठ जास्त आहे, तर मराठीचा उद्या देऊ. आता विज्ञानाच्या सरांना इतिहासाच्या बाईंनी काय दिले आहे ते माहीत नसते. सगळ्यांच्या तारखा एकाच शुक्रवारी येतात, आणि त्यांची सांगड घालण्याचे काम अकरा वर्षांच्या डोक्यावर पडते. नियोजन, क्रम लावणे, मोह आवरणे हे सगळे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचे काम, आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. म्हणून 'एवढा मोठा झालास, तरी तुला कळत नाही?' हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. उत्तर खरेच 'नाही' असे असते.

गृहपाठ राहिला की आधी हे शोधा की साखळी कुठे तुटली. जागा तीनच असतात. एक, शाळेत गृहपाठ लिहूनच घेतला नाही. दोन, लिहून घेतला, पण वही किंवा पुस्तक घरी आलेच नाही. तीन, घरी पूर्ण केला, पण दप्तरातून काढून द्यायचा राहिला. तिसरा प्रकार पालकांना खोटा वाटतो, पण तो भरपूर घडतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी प्रत्येक तासाच्या शेवटी डायरीत एक ओळ लिहायची, गृहपाठ नसेल तर 'नाही' असे लिहायचे. रिकामी ओळ ठेवायची नाही, कारण रिकामी ओळ म्हणजे गृहपाठ नव्हता की लिहायचा राहिला, हे कळत नाही. दुसऱ्यासाठी शाळा सुटताना दप्तर बंद करण्यापूर्वी डायरी उघडून वह्या जुळवायच्या. तिसऱ्यासाठी 'द्यायचे' असे लिहिलेली एकच फाइल, आणि पूर्ण झालेले प्रत्येक पान त्यातच. ज्या मुलाची साखळी तिसऱ्या जागी तुटते, त्याला रोज संध्याकाळी दोन तास समोर बसवून काही साध्य होत नाही.

दुसरी सवय आठवड्याची. सुट्टीच्या दिवशी वीस मिनिटे बसायचे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या आठवड्याच्या चाचण्या, प्रकल्प आणि खेळाचे सराव लिहायचे. लेखणी मुलाच्या हातात. तुम्ही फक्त विचारायचे: "गुरुवारी दोन चाचण्या आहेत, मग मंगळवारी काय करशील?" सुरुवातीला उत्तर येईल, "बघू." थांबायचे, पुन्हा विचारायचे. दोन-तीन महिन्यांनी मूल स्वतःच म्हणू लागते की मंगळवारी खेळायला जात नाही. मोठ्या प्रकल्पाचे तुकडे करायला मात्र पहिल्या वर्षी मदत लागतेच. तीन आठवड्यांनी द्यायचे काम म्हणजे या वयाच्या दृष्टीने कधीच न येणारा दिवस. त्याच्या आत दोन छोट्या तारखा घाला: अमुक दिवशी माहिती गोळा, अमुक दिवशी कच्चा मसुदा.

विसरलेली वही शाळेत नेऊन द्यावी का? माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या महिन्यात एकदोनदा द्यावी, आणि देताना सांगावे की पुढच्या महिन्यापासून नाही. मग खरेच देऊ नये. वही नसल्याने झालेली थोडी फजिती हीच त्या वर्षातली सगळ्यात स्वस्त शिकवणी असते. चष्मा, औषध आणि परीक्षेला लागणारे सामान याला अपवाद, ते नेऊन द्यायचेच.

पहिली गुणपत्रिका

गुण घसरतील अशी तयारी ठेवा. सगळ्यांचे घसरत नाहीत, पण पुष्कळांचे घसरतात. अचानक बुद्धी कमी झालेली नसते. आधी लक्षात ठेवून लिहिले की चालत होते. आता 'का' आणि 'कसे' विचारले जाते, उत्तर चार-पाच वाक्यांत मांडावे लागते, आणि तपासणाराही नवा असतो.

घरी उत्तरपत्रिका आली की एकूण गुणांवर बोट ठेवण्याआधी मुलाला एक काम द्या. प्रत्येक चुकीपुढे खूण करायची: येत होते पण घाईत चुकले, अर्धवट येत होते, की अजिबात येत नव्हते. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यातून जे कळते ते कुठल्याही भाषणातून कळत नाही. घाईच्या चुका जास्त असतील तर जादा अभ्यासाने काही होणार नाही, पेपर तपासून पाहायची सवय लागायला हवी. 'अजिबात येत नव्हते' हे एकाच धड्यात साचले असेल तर तेवढाच धडा पुन्हा शिकायचा.

गणिताबद्दल थोडे सविस्तर, कारण या वर्षांत मुले सगळ्यात जास्त गणितातच हात टेकतात. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, ऋण संख्या आणि मग अक्षरांची बेरीज-वजाबाकी, हे सगळे दोन-तीन वर्षांत ओळीने येते आणि एकमेकांवर उभे असते. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून त्याच मुलांची पाच-सहा वर्षांनंतरची गणितातली गती बरीचशी ओळखता येत होती. घरचे उत्पन्न आणि बुद्धिमत्ता हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकला. त्यामुळे सातवीचे बीजगणित अडले तर सातवीच्याच उदाहरणांचा मारा करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारून पाहा: दोन तृतीयांश मोठे की तीन पंचमांश? आणि अर्ध्याला एक चतुर्थांशाने भागले तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे का येते? इथे मूल अडखळले तर खड्डा मागे आहे. तो बुजवायला मागच्या इयत्तेचे पुस्तक काढण्यात कमीपणा नाही.

अभ्यास कसा करायचा हेही या वर्षी शिकवावे लागते, कारण बहुतेक मुलांना एकच पद्धत माहीत असते: धडा पुन्हा वाचणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे निघाले. धडा वाचला की छान येतो असे वाटणे फसवे असते ते यामुळेच. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर जेवढे आठवते तेवढे लिहायचे, मग उघडून राहिलेले पाहायचे. दुसऱ्या दिवशी आणि चार दिवसांनी पुन्हा. मुले कुरकुरतील, कारण हे वाचण्यापेक्षा कष्टाचे आहे.

शिकवणी लावायची का, हा प्रश्न पहिल्या गुणपत्रिकेच्या दिवशीच विचारला जातो. थोडे थांबा. आधी चुकांचे वर्गीकरण, मग शिक्षकांशी बोलणे, मग सहा-आठ आठवडे, आणि तरी त्याच विषयात तेच अडत असेल तर जरूर लावा. सगळ्या विषयांना सरसकट शिकवणी म्हणजे मुलाचा उरलासुरला मोकळा वेळ विकून टाकणे.

अंगात होणारे बदल

मुलींमध्ये वयात येण्याची पहिली चिन्हे साधारण आठ ते तेरा या वयात दिसू लागतात, मुलांमध्ये नऊ ते चौदा. हा पट्टा एवढा रुंद आहे की एकाच बाकावर एक मूल लहान पोर आणि दुसरे मिसरूड फुटलेले असे दिसते, आणि दोघेही अगदी ठीक असतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींचा बाराच्या आसपास, मुलांचा त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. त्या ऐन भरात वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर उंची वाढते. हातपाय आधी लांबतात आणि धड मागून येते, म्हणून मूल काही महिने दारांना धडकते, पेले सांडते. त्याला वेंधळे म्हणू नका. टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखणे खेळणाऱ्या मुलांत या काळात वरचेवर दिसते. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलीशी पाळीबद्दल बोलणे पाळी येण्याआधी व्हायला हवे. सर्वसाधारणपणे स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, म्हणजे सरासरीने बारा-तेराच्या सुमारास. शाळेच्या दप्तरात एका छोट्या पिशवीत पॅड आणि जादा अंतर्वस्त्र आधीपासून असू द्या, आणि शाळेत कोणाला सांगायचे ते ठरवून ठेवा. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते, एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचे अंतर या वयात चालते. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त टिकला, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागले किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही तर डॉक्टरांकडे जायचे. बाबांनी या विषयात मागे राहू नये. घरात एकट्या बाबांसोबत असताना पाळी आली तर मुलीला संकोच न वाटता सांगता आले पाहिजे.

मुलग्यांशी या विषयावर बोलायचे बहुतेक घरांत राहूनच जाते. आवाज फुटणे, झोपेत वीर्यस्खलन होणे, घाम आणि वास हे सगळे कोणीतरी दोन वाक्यांत 'हे सगळ्यांना होते' असे सांगितले तर निम्मी घालमेल जाते. सांगितले नाही तर ती माहिती वर्गातल्या सर्वांत आगाऊ मुलाकडून मिळते. जाता जाता एक: जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी) मुख्यतः नऊ ते चौदा या वयातल्या मुलींना द्यावी असे सांगते. डॉक्टरांना विचारायची हीच वेळ.

झोप

अकरा-बारा वर्षांपर्यंत रोज नऊ ते बारा तास आणि तेरापासून आठ ते दहा तास झोप लागते. आणि इथे एक अडचण आहे. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. मेरी कार्स्काडन यांच्यासारख्या संशोधकांनी गेल्या काही दशकांत हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, त्यामुळे रात्री दहा वाजता 'झोप येत नाही' म्हणणारे मूल खोटे बोलत नसते. शाळा मात्र सकाळीच भरते. यावर पूर्ण उपाय नाही. जे करता येते ते एवढेच: झोपण्याच्या तासभर आधी टीव्ही, मोबाइल, संगणक यांचे पडदे बंद, मोबाइल रात्री मुलाच्या खोलीबाहेर, सकाळी उठल्याबरोबर उजेडात, आणि सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ नेहमीपेक्षा तास-दीड तासाहून जास्त उशिरा नको. दुपारी बारापर्यंत झोपू दिले की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

संध्याकाळचा खेळ अभ्यासासाठी कापू नका. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी, आणि या वयात कापला जातो तो पहिला तास बहुधा हाच.

मैत्री: वर्षाच्या मधोमध उठणारे वादळ

पाचवीची जिवाभावाची मैत्रीण सहावीत दुसऱ्या गटात बसू लागते. कारण काहीच नसते, किंवा मोठ्यांना समजेल असे नसते. घरी मूल जेवत नाही, आणि विचारले तर "काही नाही". १९६७ मध्ये डेव्हिड एल्काइंड यांनी या वयातल्या एका गोष्टीला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटले: सगळे जग सतत आपल्याकडेच पाहते आहे अशी पक्की समजूत. नाकावरची पुटकुळी, चुकलेला शब्द, आईने फाटकाशी मारलेली हाक, सगळे या प्रेक्षकांसमोर घडते. म्हणून मित्रांदेखत लाडाने हाक मारू नका, आणि ओरडूही नका. घरी आल्यावर काय बोलायचे ते बोला.

एकट्यात शहाण्यासारखे वागणारे मूल घोळक्यात वेडेपणा करते, हेही तपासून पाहिले गेले आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ वेगवेगळ्या वयाच्या माणसांना दिला. तेरा ते सोळा वर्षांची मुले समवयस्कांच्या सोबतीत, एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करत होती. प्रौढांवर तसा परिणाम जवळजवळ झालाच नाही. तेव्हा 'मी त्याला सगळे समजावले होते' हे खरे असले तरी पुरेसे नसते. घोळक्यातून निसटायला त्याला एखादा सोयीस्कर बहाणा द्या. "माझे बाबा फार कडक आहेत, मला जावं लागेल" असे म्हणायची परवानगी घरून असावी.

मूल रडत आले की पालक दोनपैकी एक चूक करतात. एक तर लगेच दुसऱ्या मुलाच्या आईला फोन लावतात, नाहीतर "सोड गं, दुसऱ्या मैत्रिणी मिळतील" म्हणून विषय संपवतात. आधी एवढेच विचारा: "तू मला नुसतं सांगतेयस, की मी काही करावं असं तुला वाटतं?" बहुतेक वेळा उत्तर पहिले असते. समोरासमोर बसवून विचारपूस केली की मुले मिटतात, तेव्हा भांडी पुसताना, चालताना, गाडीतून जाताना विचारा. नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा बोलणे सोपे जाते.

भांडण आणि छळ यांत फरक करायला शिका. दोघे बरोबरीचे असतील, दोघेही बोलतात, दोघांनाही वाईट वाटते, तर ते भांडण, ते त्यांना सोडवू द्या. एकाच मुलाला पुन्हा पुन्हा लक्ष्य केले जात असेल, आणि त्याला प्रतिकार करता येत नसेल, मग ते मारणे असो, नावे ठेवणे असो की ठरवून सगळ्या गटातून वगळणे, तर तो छळ आहे. तिथे 'तूही दे की एक' हा सल्ला देऊ नका. तारीख, काय घडले, कोण हजर होते हे लिहून ठेवा, मोबाइलवरचे संदेश पुसू नका, आणि वर्गशिक्षकांकडे लेखी द्या. आपले मूल छळ करणाऱ्यांत असू शकते, ही शक्यताही मनात ठेवा.

मोबाइल

बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांनी खात्यासाठी किमान वय तेरा ठेवले आहे, आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून ते सोळावर नेले. सहावीतल्या मुलाचे खाते म्हणजे वय खोटे लिहिलेले खाते, एवढे तरी घरात स्पष्ट असावे. संपर्कासाठी फोन लागत असेल तर साधा फोन पुरतो.

स्मार्टफोन द्यायचाच ठरले तर नियम फोन हातात देण्यापूर्वी कागदावर लिहा. दिल्यावर लावलेला नियम मुलाला शिक्षा वाटतो. जेवताना नाही, रात्री खोलीत नाही, पासवर्ड आईबाबांना माहीत, कोणाचाही फोटो त्याला न विचारता पुढे पाठवायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम आपल्यासाठी: काही भलतेसलते दिसले, कोणी नको ते मागितले, तर येऊन सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. हे कलम नसले तर मूल सांगणारच नाही, कारण त्याच्या दृष्टीने फोन जाण्याची भीती त्या प्रसंगापेक्षा मोठी असते. वर्गाच्या गटात रात्री अकराला चाललेल्या गप्पांचे काय, असा प्रश्न येईल. दोन-तीन घरांनी मिळून एकच वेळ ठरवली तर तो सुटतो. एकट्या घराच्या नियमाला "फक्त मलाच नाही" हे उत्तर ठरलेले.

शिक्षकांशी बोलणे

पालकसभेत प्रत्येक शिक्षकाकडे जेमतेम पाच मिनिटे असतात. "कसा आहे हो आमचा?" असे विचारले तर "छान आहे, थोडं लक्ष द्यायला हवं" हेच उत्तर मिळेल. नेमके विचारा: तासाला प्रश्न विचारतो का, वही वेळेवर देतो का, कोणाबरोबर बसतो, गट करायला सांगितले की एकटा उरतो का. शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

तक्रार असेल तर आधी विषयशिक्षक, मग वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. थेट वर गेल्याने काम लवकर होत नाही, उलट बिनसते. छोट्या गोष्टी मात्र आता मुलालाच बोलू द्या. "सर, हा अर्धा गुण कसा गेला?" हे वाक्य घरी दोनदा म्हणून पाहायचे आणि मग त्याने स्वतः जाऊन विचारायचे. गुण वाढला नाही तरी चालेल.

केव्हा थांबून पाहायचे नाही

चिडचिड, दार आपटणे, एकलकोंडेपणा, दर आठवड्याला बदलणारी आवड, हे सगळे येते आणि जाते. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास राहिले, आवडता खेळसुद्धा सोडला, झोप किंवा भूक अगदी बदलली, शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखू लागले, वजन एकदम उतरले, किंवा सगळ्या विषयांत एकाच वेळी घसरण झाली, तर 'वयच आहे' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा. स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसते तर बरं" अशी भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी मदत घ्यायची. सरळ विचारावे, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते.

मुलींमध्ये आठ वर्षांआधी किंवा मुलांमध्ये नऊ वर्षांआधी वयात येण्याची चिन्हे दिसली, तसेच मुलीला तेराव्या आणि मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत काहीच दिसले नाही, तरी एकदा तपासून घ्यावे. वाचनात अजून अडखळणारे, हस्ताक्षर मुळीच न जुळणारे, तोंडी उत्तम आणि लेखी शून्य असे मूल असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. पाचवीपर्यंत हुशारीच्या जोरावर झाकली गेलेली अडचण लिखाण वाढले की उघडी पडते. तो आळस असतो असे गृहीत धरून वर्ष वाया घालवू नका.

वर्ष संपताना

शेवटच्या परीक्षेनंतर दोन-चार दिवस जाऊ द्या, मग एकदा निवांत बसा. मुलाला विचारा: यंदा कुठलं काम तुला स्वतःला जमायला लागलं, आणि पुढच्या वर्षी कुठलं तुझ्याकडे द्यायचं? दप्तर भरणे आणि गजर जमला असेल तर पुढे पैशांचा छोटा हिशेब, स्वतःचे कपडे, एकट्याने जवळचा प्रवास, शाळेला लागणाऱ्या सामानाची यादी यांपैकी एखादे निवडा. जे यंदा जमले नाही ते पुढच्या वर्षी पहिल्या महिन्यात तुम्ही पुन्हा सोबतीने कराल, हेही सांगून टाका.

गणिताची आणि भाषेची वही रद्दीत देऊ नका. सातवीत अडल्यावर मागे जायला ती लागते. बूट आणि गणवेश शाळा सुरू होण्याच्या अगदी आधी घ्या, सुट्टीच्या सुरुवातीला घेतलेले शाळा उघडेपर्यंत तोकडे होतात. आणि डोळ्यांची तपासणी पुन्हा एकदा.